पेशीला तिचं काम कोण सांगतं?

प्रश्न असा आला आहे: "मुलगी नववीत आहे. पेशी, ऊती, अवयव, अवयव संस्था, सजीव ही साखळी तिला तोंडपाठ आहे. पण तिने विचारलं, शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए एकच असेल तर यकृताची पेशी यकृताचंच काम का करते? तिला कोण सांगतं? हत्तीच्या पेशी आपल्यापेक्षा मोठ्या असतात का? 'पेशी म्हणजे शरीराची वीट' यापलीकडे मला काही सांगता आलं नाही."

मी हिस्टोपॅथॉलॉजीत काम करते. शस्त्रक्रियेत किंवा बायॉप्सीत काढलेला तुकडा प्रयोगशाळेत येतो, त्याच्या स्लाइड बनतात आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून मी रिपोर्ट लिहिते. आयुष्य पेशी बघण्यातच गेलं आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी थेट उत्तर. पेशीला तिचं काम मुख्यतः तिची जागा सांगते. ती शरीरात कुठे आहे, शेजारी कोण आहे, कशाला चिकटलेली आहे, रक्तातून तिच्यापर्यंत काय पोचतंय आणि ती कोणत्या पेशींच्या वंशातून आली, यावरून डीएनएतली काही जनुकं चालू राहतात आणि बाकीची बंद. विटेची उपमा इथेच फसते. वीट देवळात लावा नाहीतर गटाराला, ती वीटच राहते. पेशी जिथे असेल तिथली होते. आणि तिथून हलवली तर पुष्कळदा बदलते किंवा मरते.

आता साखळीकडे येऊ. ती चुकीची नाही, पण ती खालून वर चढत गेल्यासारखी शिकवली जाते. जणू आधी पेशी तयार झाल्या, मग त्यांच्या ऊती, मग ऊतींचे अवयव. प्रत्यक्षात कोणत्याही प्राण्यात असं घडत नाही. सुरुवात एका फलित अंड्यापासून होते आणि तेव्हाही तो एक पूर्ण जीवच असतो. तो विभागत जातो, पण सुटा होत नाही. म्हणजे 'सजीव' ही साखळीतली शेवटची कडी पहिल्या दिवसापासून हजर असते. ऊती आणि अवयव ही त्या एकाच जीवाच्या आत पडत गेलेली कामाची वाटणी आहे.

पेशींचा इतिहास पाठ्यपुस्तकात दोन-तीन ओळींत उरकतात. मीही फार रेंगाळत नाही, पण दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात ज्या खोल्या पाहिल्या त्या रिकाम्या होत्या. बूच ही मेलेली ऊती. त्याने पाहिल्या त्या फक्त भिंती. पेशीचा आतला जिवंत भाग त्या नावात सुरुवातीपासूनच नव्हता. केंद्रकाला रॉबर्ट ब्राउनने नाव दिलं ते १८३१ मध्ये, श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये वनस्पती आणि प्राणी दोघांनाही पेशींचेच बनलेले ठरवलं. दुसरी गोष्ट रुडॉल्फ विरशाऊची. 'प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच' हे वाक्य त्याच्या नावावर आहे, १८५५ चं. पेशी विभाजनाने बनतात हे रोबर्ट रेमाक त्याच्या आधी दाखवून बसला होता. श्रेय मात्र विरशाऊला मिळालं. तरी आमच्या धंद्याचा तो मूळपुरुष आहे हे खरं. आजार शरीरातल्या 'दोषां'त किंवा रसांत नसून पेशींमध्ये शोधायचा, हे त्याने १८५८ पर्यंत पक्कं मांडलं. आजही कॅन्सरचं निदान त्याच वाटेने होतं.

आता मुलीचा मुख्य प्रश्न. डीएनए खरंच एकच असतो का?

जवळजवळ. लाल रक्तपेशी तयार होताना केंद्रकच बाहेर टाकते, म्हणून तिच्यात डीएनए नसतोच. अंडपेशी आणि शुक्रपेशी यांत निम्मी गुणसूत्रं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या लसीकापेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आपल्या डीएनएचे काही तुकडे कापून पुन्हा जोडतात. हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. हे अपवाद सोडले तर यकृत, त्वचा, मेंदू सगळीकडे मजकूर तोच. माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २० हजार. इन्सुलिनचं जनुक यकृताच्या पेशीतही आहे आणि अल्ब्युमिनचं जनुक स्वादुपिंडातल्या बीटा पेशीतही आहे. पण अल्ब्युमिन बनतं यकृतात, इन्सुलिन बनतं बीटा पेशीत. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही भाग इतका घट्ट की वाचणाऱ्या यंत्रणेला तिथे शिरताच येत नाही. काही भाग सैल. कुठे घट्ट, कुठे सैल याच्या रासायनिक खुणा पेशी विभागताना पुढच्या पेशींकडेही जातात, म्हणून यकृतपेशीची लेक यकृतपेशीच होते.

मग न वापरलेला मजकूर खराब होतो, पुसला जातो, असं एके काळी अनेकांना वाटायचं. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये तो संशय मिटवला. त्यांनी झेनोपस नावाच्या बेडकाच्या डिंभाच्या, म्हणजे बेडूकमाशाच्या, आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेतलं आणि ज्याचं स्वतःचं केंद्रक निकामी केलं होतं अशा अंड्यात घातलं. त्यातून पोहणारे डिंभ निघाले. म्हणजे आतड्याच्या पेशीकडे डोळे, मेंदू, स्नायू, सगळं घडवायचं लिखाण शाबूत होतं. ती ते वाचत नव्हती इतकंच. १९९६ मध्ये जन्मलेली डॉली मेंढी याच युक्तीने, कासेच्या पेशीपासून झाली. आणि शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतून घेतलेल्या साध्या पेशीत फक्त चार जनुकं चढवून तिला जवळजवळ भ्रूणपेशीच्या अवस्थेत परत नेलं. अंड्याचीही गरज उरली नाही. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चं नोबेल एकत्र मिळालं.

गर्डनचा प्रयोग मुलीला नीट समजावा असं मला वाटतं, कारण त्यात उत्तर लपलंय. केंद्रक तेच. फक्त त्याच्याभोवतीचं पेशीद्रव्य बदललं आणि केंद्रक वेगळं वागलं. पेशीच्या आतसुद्धा हुकूम केंद्रकाचा एकट्याचा चालत नाही. 'केंद्रक म्हणजे पेशीचा राजा' हे वाक्य वहीत असेल तर मी ते खोडायला सांगेन.

आता जागेचं. मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण लहान आतड्याचं आहे.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर बोटांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्या पायथ्याशी अरुंद खळगे. मूलपेशी राहतात खळग्याच्या अगदी तळाशी. तिथल्या शेजारी पेशी आणि खालची संयोजी ऊती त्यांना सतत रासायनिक संदेश देत असतात, ज्याचा अर्थ एवढाच: 'विभागत राहा.' मूलपेशी विभागली की दाटी होते आणि काही पेशी वर ढकलल्या जातात. तळापासून थोडी लांब गेली की त्या पेशीपर्यंत तो संदेश पुरेसा पोचत नाही. मग ती विभागणं थांबवते आणि अन्न शोषणारी, श्लेष्म सोडणारी किंवा संप्रेरक सोडणारी पेशी बनते. वर सरकत सरकत टोकाला पोचते आणि तिथून गळून पडते. हा सगळा प्रवास तीन ते पाच दिवसांचा. आपण जेवतो, झोपतो, भांडतो आणि आत अस्तर आठवड्याच्या आत नवं होतं. कोणती पेशी मूलपेशी राहणार हे तिच्या आत कोरून ठेवलेलं नाही. ती तळाशी आहे म्हणून मूलपेशी आहे. तळाची एखादी मूलपेशी नष्ट झाली तर वरून खाली सरकलेली एखादी पेशी पुन्हा मूलपेशी होऊ शकते, हे उंदरांवर दाखवलेलं आहे.

गर्भातही हेच, फार लवकर. फलित अंडं विभागून आठ-सोळा पेशींचा गोळा झाला की काही पेशी बाहेरच्या अंगाला येतात आणि काही आत दबतात. बाहेर राहिलेल्यांपासून वारेचा मोठा भाग बनतो, आत राहिलेल्यांपासून बाळ. इतका मोठा फरक, आणि सुरुवात फक्त आत की बाहेर एवढ्यावरून.

शेजाऱ्यांचा हुकूम किती चालतो याचा जुना आणि अजूनही थक्क करणारा पुरावा १९२४ चा आहे, हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांचा. न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर. त्यांनी त्याच्या एका गर्भाच्या पाठीकडच्या ठरावीक जागेचा इवलासा तुकडा काढला आणि दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला बसवला. त्या गर्भात दुसरा पाठकणा, दुसरी चेतानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात), जवळजवळ दुसरं पिल्लू पोटाला चिकटून वाढू लागलं. दोन्ही गर्भ वेगळ्या रंगाच्या जातींचे होते, म्हणून कोणती पेशी कुठून आली हे ओळखता येत होतं. दुसऱ्या पिल्लाचा बराच भाग बसवलेल्या तुकड्याचा नव्हताच, तो यजमान गर्भाच्या स्वतःच्या पेशींचा होता. पोटाची कातडी व्हायच्या असलेल्या त्या पेशी नव्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मेंदू व्हायला निघाल्या. श्पेमानना १९३५ चं नोबेल मिळालं. हिल्डे मांगोल्ड प्रयोग छापून आला त्याच वर्षी घरातल्या अपघातात भाजून गेल्या होत्या.

आणि यकृत? तिने विचारलंच आहे म्हणून त्याचं वेगळं सांगते. यकृत साधारण षटकोनी खंडिकांचं बनलेलं असतं. रक्त खंडिकेच्या कोपऱ्यांकडून शिरतं आणि पेशींच्या रांगांमधून वाहत मधल्या शिरेत जातं. कोपऱ्याजवळच्या पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळतो, मधल्या शिरेजवळच्यांना उरलासुरला. स्लाइडवर सगळ्या यकृतपेशी सारख्याच दिसतात, पण कामं वेगळी. अमोनियापासून युरिया बनवण्याचं मोठं काम कोपऱ्याकडच्या करतात. पुष्कळशी औषधं मोडण्याचं काम मधल्या शिरेजवळच्या करतात. म्हणूनच पॅरासिटामॉलचा मोठा डोस पोटात गेला तर आधी मरतात त्या मधल्या शिरेभोवतीच्या पेशी, कारण त्याचं विषारी रूप तिथेच तयार होतं. एकाच अवयवातल्या, एकाच प्रकारच्या, अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरातल्या पेशींचं हे असं आहे. 'यकृतपेशी यकृताचं काम करते' असं वाक्य लिहिताना मला आता थोडं अवघडल्यासारखं होतं.

आता मी रोज काय बघते ते सांगते, म्हणजे मांडणीला एवढं महत्त्व का देते ते कळेल.

तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये येतो. त्यातलं पाणी काढून मेण भरतात, मेणाचा ब्लॉक होतो, मायक्रोटोम नावाच्या कापायच्या यंत्रावर त्याचे तीन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप घेतात. लाल रक्तपेशी सात-आठ मायक्रॉन रुंद असते, म्हणजे कापाची जाडी तिच्या रुंदीच्या निम्मी. मग दोन रंग: हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी-जांभळी होतात, इओसिनने बाकीचं गुलाबी. निवासी डॉक्टर नवे असतात तेव्हा स्लाइड ठेवली की लगेच चाळीस एक्सचं भिंग फिरवतात, एकेक पेशी जवळून बघायला. त्यांचा हात धरून चार एक्सवर आणावं लागतं. आधी लांबून बघ. ग्रंथी नीट रांगेत आहेत का, अस्तर किती थरांचं आहे, खालची सीमारेषा अखंड आहे का. निम्मं निदान तिथेच होतं.

सिरॉसिसचं उदाहरण घ्या. लोकांना वाटतं यकृताच्या पेशी संपल्या म्हणजे सिरॉसिस. स्लाइडवर पेशी भरपूर दिसतात, जिवंत असतात, नव्याही बनत असतात. यकृताइतका पुन्हा वाढणारा अवयव आपल्या शरीरात दुसरा नाही. मात्र त्या गोल गाठींमध्ये वाढलेल्या असतात आणि भोवती व्रणाच्या जाड पट्ट्या. षटकोन गेलेले असतात, कोपऱ्याकडून मध्याकडे जाणारा रक्ताचा मार्ग गेलेला असतो. रक्त पेशींना पुरतं न भिडता बाजूने निघून जातं, आतड्याकडून येणाऱ्या शिरेत दाब वाढतो, पोटात पाणी होतं. पेशी आहेत, अवयव नाही.

थायरॉइडचं उदाहरण याहून टोकाचं. गाठीत सुई घालून पेशी ओढून घेतात आणि काचेवर पसरवतात, ती एफएनएसी. बहुतेक गाठींत तेवढ्यावर काम भागतं. पण फॉलिक्युलर प्रकारच्या गाठीत आम्ही 'कॅन्सर आहे की नाही सांगता येत नाही' असंच लिहितो आणि रुग्ण चिडतात. 'एवढ्या पेशी दिसतायत तर सांगत का नाही?' कारण साध्या गाठीतल्या आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्याच असू शकतात. फरक एवढाच की कॅन्सरच्या पेशींनी गाठीचं आवरण ओलांडलेलं असतं किंवा रक्तवाहिनीत शिरकाव केलेला असतो. हे काचेवर पसरलेल्या सुट्या पेशींवरून कळणार कसं? त्यासाठी गाठ आवरणासकट काढावी लागते.

जागा बदलली नाही पण परिस्थिती बदलली, तरी पेशी वेगळी होते. श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी उंच असतात, वर केसाळ, श्लेष्म वर ढकलणाऱ्या. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत त्याच जागी चपट्या, अनेक थरांच्या पेशी दिसतात, तोंडाच्या आत असतात तशा. धुराला त्या जास्त टिकतात, पण केस नसल्यामुळे कफ वर येत नाही. अन्ननलिकेत बरोबर उलटं: तिथे मुळात चपट्या पेशी, आणि पोटातलं आम्ल सतत वर येत राहिलं तर खालच्या टोकाला आतड्यासारख्या उंच पेशी येतात. मूळ पेशीला नवा निरोप मिळतो आणि तिच्या लेकी वेगळ्या घडतात.

आणि ऊती म्हणजे फक्त पेशी नव्हेत, हे तर आपल्याकडे तोंडातच दिसतं. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांना होणारा सबम्युकस फायब्रोसिस. तिखट झोंबायला लागतं, मग तोंड उघडेनासं होतं, तीन बोटं आत जात नाहीत. भारतात याचं वर्णन डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केलं. स्लाइडवर मुख्य बिघाड दिसतो तो पेशींच्या मधल्या जागेत: अस्तराखाली कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा जाड, रक्तवाहिन्या कमी झालेला पट्टा. वरचं अस्तर पातळ पडतं आणि पुढे काहींत कॅन्सर होतो. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. माझ्या टेबलावर येणाऱ्या तुकड्यांना ती कळलेली दिसत नाही. हाड, कूर्चा, त्वचेचा खालचा थर, सगळीकडे पेशी थोड्या आणि त्यांनी विणलेलं जाळं जास्त. पुस्तकात 'सारख्या पेशींचा समूह म्हणजे ऊती' अशी व्याख्या असते. रक्त घ्या, तेही ऊतीच. लाल पेशी, पांढऱ्या पेशींचे अनेक प्रकार, पेशी नसलेल्या रक्तबिंबिका आणि निम्म्याहून जास्त द्रव. सारख्या पेशी कुठे आहेत? व्याख्येत 'एकत्र काम करणाऱ्या पेशी आणि त्यांच्यामधला पदार्थ' असं म्हटलं तर जमेल.

पेशींचं मरणसुद्धा या मांडणीचा भाग आहे. सी. एलिगन्स या एक मिलिमीटरच्या कृमीच्या उभयलिंगी प्रौढात ९५९ शारीरिक पेशी असतात. वाढताना बनतात १०९०. त्यातल्या १३१ ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी मरतात, आणि दर कृमीत त्याच. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना याबद्दल २००२ चं नोबेल मिळालं. आपल्याही बोटांमधली पडद्यासारखी कातडी गर्भात असताना पेशी मेल्यामुळेच जाते. झाडात तर मेलेल्या पेशी कामाला लागतात: पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांच्या पेशी मेल्यावर, पोकळ झाल्यावरच नळीसारख्या चालतात.

वनस्पतींचा विषय निघालाच आहे तर, त्यांच्या पेशी भित्तिकेने जागच्या जागी सिमेंट झालेल्या असतात, सरकू शकत नाहीत, पण मन बदलण्यात प्राण्यांच्या पेशींपेक्षा सैल. जळगावकडच्या बागांतली टिश्यूकल्चरची जी-नाइन जातीची केळी घ्या. केळीच्या कोंबाच्या टोकाची विभाजी ऊती बाटलीत, संप्रेरकांच्या योग्य प्रमाणात ठेवली की तीतून कोंब फुटतात, मग मुळं, मग सबंध रोप. माणसाच्या कातडीच्या तुकड्यातून कोणी माणूस उगवत नाही.

हत्तीच्या पेशींचा प्रश्न. नाही, हत्तीच्या पेशी साधारण आपल्याएवढ्याच. हत्तीकडे त्या जास्त असतात. पेशीला जे हवं ते पटलातून आत यायचं असतं, आणि पेशी मोठी होत गेली की आतलं आकारमान पृष्ठभागापेक्षा झपाट्याने वाढतं. बाजू एक असलेला घन घ्या: पृष्ठफळ ६, घनफळ १. बाजू दहा करा: पृष्ठफळ ६००, घनफळ १०००. प्रत्येक घनएककाच्या वाट्याला येणारा पृष्ठभाग दहापट कमी. त्यात विसरणाची अडचण: अंतर शंभरपट झालं की रेणूला पोचायला लागणारा वेळ दहा हजारपट होतो. ऑक्सिजन दहा मायक्रॉन अंतर सेकंदाच्या छोट्या अंशात कापतो, पण एक सेंटिमीटर नुसता विसरणाने जायला तास लागतात. म्हणूनच आपल्या बहुतेक पेशींच्या जवळ, सुमारे शंभर मायक्रॉनच्या आत, एखादी केशवाहिनी असते. ज्यांच्याजवळ नसते, उदाहरणार्थ गुडघ्यातली कूर्चा, त्या सावकाश जगतात आणि दुखापत झाली तर फार सावकाश भरतात.

अपवाद मजेदार आहेत. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही एकच पेशी. बहुतेक साठा, जिवंत भाग वर ठिपक्याएवढा. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी चेतापेशी जवळजवळ एक मीटर लांब, पण रुंदीला सूक्ष्म. आणि कॉलर्पा नावाचं हिरवं शैवाल, कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही मिळतं. त्याला पानांसारखे, मुळांसारखे भाग असतात आणि आत एकही आडवी भिंत नाही. अख्खं एकच पेशी, असंख्य केंद्रकांची. साखळीतली ऊतीची पायरी वगळून त्याने पानाचा आकार गाठला आहे. आपल्या हाडांच्या स्नायूंतला प्रत्येक तंतूही अनेक पेशी एकत्र विरघळून झालेला, शेकडो केंद्रकांचा असतो.

राहिली पेशीच्या आतली अंगकं. ती पुस्तकात आहेत, मी परत सांगत बसत नाही. फक्त त्या प्रसिद्ध आकृतीबद्दल. मधोमध केंद्रक, दोन-तीन तंतुकणिका, एक गॉल्गी पिंड, थोडी आंतर्द्रव्यजालिका. अशी सरासरी पेशी मी कधी पाहिलेली नाही. २०१६ च्या एका मोजणीनुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि त्यातल्या ८४ टक्के लाल रक्तपेशी. म्हणजे आपल्या पाचपैकी चार पेशींत केंद्रकही नाही आणि तंतुकणिकाही नाही. प्रतिपिंडं ओतणारी प्लाझ्मा पेशी आंतर्द्रव्यजालिकेने खचाखच भरलेली. हृदयाच्या स्नायूत तंतुकणिकांची गर्दी. कशाची किती गरज ते कामावर, आणि काम जागेवर. तंतुकणिकांना तर स्वतःचा वेगळा डीएनए आहे, कारण त्या फार पूर्वी दुसऱ्या पेशीत शिरून राहिलेल्या जिवाणूंच्या वंशज आहेत. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये हे मांडलं तेव्हा फारसं कोणी ऐकायला तयार नव्हतं.

मुलीला हे वाचून दाखवण्यापेक्षा शाळेचा सूक्ष्मदर्शक मिळवा. कांद्याचा पातळ पापुद्रा आयोडीनच्या थेंबात, आणि गालाच्या आतून टूथपिकच्या बोथट टोकाने हलकेच खरवडलेल्या पेशी मेथिलीन ब्लूमध्ये. दोन्ही प्रयोग सगळे करतात, चित्र काढतात आणि सोडून देतात. तिला विचारा, कांद्याच्या पेशी रांगेत का आणि गालाच्या विखुरलेल्या का? कांद्याचा पापुद्रा ती जसा होता तसा उचलते. गालाच्या पेशी खरवडून सुट्या करते, शिवाय त्या वरच्या थरातल्या, लवकरच गळणाऱ्याच असतात. बायॉप्सी आणि एफएनएसीतला फरक तिला तिथेच कळेल. मत्स्यालयाच्या दुकानात हायड्रिला नावाची पाणवनस्पती मिळाली तर तिचं कोवळं पान पाण्याच्या थेंबात ठेवा, दिवा जरा वेळ चालू राहू द्या आणि दहा मिनिटं वाट बघा. हरितलवकं पेशीच्या कडेकडेने फिरताना दिसतील. आकृतीत ती कधी हललेली नसतात.

परीक्षेत मात्र साखळी आणि व्याख्या पुस्तकात आहेत तशाच लिहायला सांगा. पेपर तपासणाऱ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, त्याला कॉलर्पा समजावून सांगायची ती वेळ नव्हे.